पडद्याआडचे हात

एका राज्यात पुरंजय नावाचा राजा होता आणि त्याच्या सिंहासनापुढं जाडजूड पडदा होता. रीतच तशी! राजाला काहीही द्यायचं तर फटीतून आत सरकवायचं. देणाऱ्याचं तोंड राजाला दिसता कामा नये.

एकदा रानात राजा तहानेनं मरायला टेकला. एका जादूगारानं त्याला पाणी पाजलं. राजानं मान वर न करता तांब्या भिरकावला. जादूगार खवळला, "तीन दिवसांत दगड होशील! छातीत उपकाराच्या जाणिवेची ऊब उठली, तरच सुटशील."

झालं! राजाचे तळपाय दगड!

राजकन्या कनकावती उठली, सुटली. सातफणी नागाचा मणी उपटून आणला. नाग डसला, हात सुजून भोपळा झाला. मणी फटीतून सरकवला. राजा म्हणाला, "ठेव तिकडं." गुडघे दगड!

दुसऱ्या दिवशी जळत्या डोंगरावरचं अमृतफळ आणलं. भुवया जळून साफ! राजानं चाखलं. "बरंय." कंबर दगड!

तिसऱ्या दिवशी ती पाय आपटत ओरडली, "आता काय चंद्र आणू?"

खिडकीतला धनेश पक्षी म्हणाला, "अगं वेडे, भुवया गेल्या ते बापाला ठाऊक आहे?"

"कसं असेल? मध्ये पडदा..."

ती थबकली. मग धावली, पडद्याला लोंबकळली. फर्रर्र! पडदा खाली, राजकन्या त्याच्यावर!

दगड राजाच्या गळ्याशी पोचलेला. त्यानं पाहिलं. समोर बिनभुवयांची लेक, आणि तिच्या बाजूला म्हातारी स्वैपाकीण भागूमाय, पेजेच्या वाटीवर फुंकर घालत.

"हे काय करतेस?"

"निववतेय, महाराज. लहानपणी तुमची जीभ पोळली होती ना, तेव्हापासून रोज."

"मी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं?"

राजानं लेकीकडं नजर वळवली. "आणि कनके, भुवया?"

"फळापायी गेल्या, आबा. हात मण्यापायी. आणि तुम्ही म्हणे, बरंय!"

राजाच्या छातीत काहीतरी चुर्र झालं. ऊब! कडाड्! गळा सुटला, कंबर सुटली, गुडघे सुटले! राजा धडपडत उठला, लेकीचा सुजका हात कपाळाला लावला, भागूमायच्या हातून वाटी घेतली अन् ढसाढसा रडत प्याला.

"भागूमाय... पेज अळणी आहे."

"मग डोळ्यांतलं पडू द्या की त्यात!"

राजा हसला, दरबार हसला. त्यांचं राज्य रुळावर, आपली गोष्ट पारावर!