करंजाची साक्ष

भट्टीचं धुराडं उभं राहून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. शिसं वितळवणाऱ्या त्या भट्टीच्या फाटकाशी एक म्हातारा करंज उभा होता. दर दिवाळीनंतर प्रदूषण खात्याच्या वैजयंताबाई यायच्या आणि त्याची पानं तोडून तपासायला न्यायच्या.

"बाई, मागच्या पानांचं काय झालं?" करंजानं दमलेल्या आवाजात विचारलं.

"अहवाल दिला रे बाबा. वाचतंय कोण?" बाईही दमल्याच होत्या.

"मग न्या अजून. धूर गिळणं काही मला चुकत नाही."

या खेपेला मात्र भट्टीच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि ते हादरलेच. "करंजात एवढं शिसं? अरे, शाळेची पोरं याच्याच सावलीत डबा खातात! आजच्या आज तोडा हे झाड."

कुऱ्हाड पडली तेव्हा करंज एवढंच म्हणाला, "साहेब, मी नुसतं सांगितलं हो."

पुढच्या दिवाळीनंतर बाई आल्या, तर तोडायला पान नव्हतं. त्या उरलेल्या बुंध्यावर टेकल्या. धुराडं धूर ओकतच होतं. समोर पोरं उन्हात डबे उघडून बसली होती, आणि पानांवर बसायची ती राख आता भाकरीवर बसत होती.