चवदार रोप

माणसांनी झाडांना ओळीत उभं करायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. एका टेकडीवर दोन निलगिरी शेजारी शेजारी राहत. वाण मात्र निराळे, म्हणून एकीला म्हणत पातळपानी आणि दुसरीला जाडपानी. दोघींच्या पायाशी एकेक रोप होतं.

एकदा पातळपानीच्या रोपावर सोंडकिडे आले आणि त्यांनी त्याचा शेंडा कुरतडून टाकला. आणखी पानं गेली असती तर ते जगलं नसतं. शेजारचं रोप मात्र टवटवीत.

"आम्ही पहिल्यापासून वळण लावलंय हो," जाडपानी म्हणाली. "कुणालाही अंगाखांद्यावर बसू द्यायचं नाही."

पातळपानीला वाटलं, आपलंच चुकलं. ऊन जास्त दिलं का? की सावली? की लाडच जास्त झाले? शेवटी न राहवून तिने सोंडकिड्यांच्या आईलाच विचारलं, "अहो, आमच्यात काय कमी आहे?"

"कमी कुठलं? चव आहे! त्या रोपाची पानं जाड, उग्र. माझी पोरं थुंकून टाकतात. वळण कसलं, त्यांचा वाणच तसा."

जाडपानी एकदम दुसरीकडे बघू लागली.

"मग मी काय करू?" पातळपानीने विचारलं.

"मला काय विचारता बाई? माझं धाकटं तर तुमचंही पान खात नाही. माझंच काही चुकतंय का हो?"

तेवढ्यात खालून रोपाने आनंदाने विचारलं, "आई, मी चवदार आहे?"

हो म्हणावं की नाही, पातळपानीला कळेना.

"आहेस रे राजा," ती हळूच म्हणाली, "पण कुणाला सांगू नकोस."