थोरल्या महाराजांचं जीन

चूक जिनाची नाही, घोड्याच्या पाठीची आहे, असा निकाल कन्हेरगडच्या राजे भुजंगरावांनी भर दरबारात दिला.

जीन त्यांच्या आजोबांचं, म्हणजे थोरल्या महाराजांचं. मखमलीचं, जरीकामाचं आणि अरुंद. राजांचा घोडा पारवा मात्र रुंद पाठीचा. जीन चढवलं की त्याच्या पाठीला जखम व्हायची आणि राजे खाली यायचे. पण आजोबांच्या वस्तूत खोट कशी निघणार? राजांनी म्हाताऱ्या येसाजी जीनगराला फर्मावलं, की जिनाचा एक टाकाही न उसवता दसऱ्यापर्यंत घोड्याची पाठ त्यात बसती कर. नाहीतर हत्यारं ठेव आणि गाव सोड.

येसाजीने चामड्याला तेल पाजलं. दिवाणजींच्या सल्ल्याने जिनाखाली लोकरीचा जाड नमदाही घातला. त्या दिवशी राजे नेहमीपेक्षा लवकर खाली आले.

येसाजीचं जेवण सुटलं. त्याची बायको भांडी बांधायला लागली. नवी सून सगुणा सगळं बघत होती. सासूबाईंच्या पाटल्या चढत नाहीत म्हणून या घरात तिचा हात मोठा ठरला होता. तिला घोड्याचं म्हणणं लगेच पटलं.

"मामंजी, मला वाड्यावर घेऊन चला. बोलायचं मी बघते."

"सूनबाई, तू तर घरातसुद्धा बोलत नाहीस."

"घरात कुणी विचारलं नाही."

खंडेनवमीचा दिवस होता. वाड्यात शस्त्रांची पूजा चालली होती, घोडे अंगणात आणले होते. चौरंगावर थोरल्या महाराजांचे जोडे होते. दरसाल त्यांना फूल वाहायची रीत. सगुणाने पदर सावरला आणि सांगितलं, की पाठ बसती होईल, पण घोडा धन्याचं बघून शिकतो. तेव्हा महाराजांनी ते जोडे घालून त्याच्यासमोर एक फेरी मारावी.

आजोबांच्या जोड्यांना नाही कसं म्हणणार? दोन हुजऱ्यांनी ते ढकलून चढवले. राजे थोडं चालले आणि थांबले.

"चावतात."

"जोडे कसे चावतील, महाराज? थोरल्या महाराजांचे आहेत. पायाचीच काही खोड असेल."

दिवाणजी जमिनीकडे बघू लागले.

"आत मऊ कापड घालून बघू या का?" सगुणाने विचारलं.

कापड घातलं. राजांनी पाऊल टाकलं आणि पारव्याच्या गळ्यात पडले.

"नमदा घातला तेव्हा पारव्यालाही असंच झालं. त्याला गळ्यात पडायला कुणी नव्हतं."

"मग काय, पाय तासू?"

"छे! जोड्याचा टाका उसवायचा नाही आणि पाय बसता होईपर्यंत चालत राहायचं. पारव्याला आपला हुकूम तोच आहे."

येसाजीने डोळे मिटून घेतले. राजांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, एकदा घोड्याच्या पाठीकडे. मग पायरीवर बसले आणि पोट धरून हसले.

"आणि जिनाचं काय करू?"

"चौरंगावर जोड्यांशेजारी जागा आहे, महाराज."

जीन चौरंगावर गेलं. येसाजीने तिथेच पारव्याच्या पाठीला दोरी लावून नव्या जिनाचं माप घेतलं. राजांनी सगुणाला सोन्याच्या पाटल्या देण्याचा हुकूम सोडला. दिवाणजी लगबगीने थोरल्या राणीसाहेबांच्या पाटल्यांची पेटी घेऊन आले.

सगुणाने पेटीला नमस्कार केला. "आधी माझ्या हाताचं माप घ्यायला सोनार पाठवता का?"

राजे पुन्हा हसले. पण जोडे अजून पायातच होते, म्हणून जरा बेताने.