रुपयाचं कुंकू

नाण्यांना वाचा होती त्या काळी, नाणी जमवणाऱ्या गजाभाऊंच्या पेटीत चांदीचा एक रुपया मोठ्या ऐटीत राहायचा. शेजारी तांब्याचा भोकाचा पैसा होता, भोकात काळा दोरा अडकलेला.

“शी! घासून घे की अंग,” रुपया म्हणायचा. “माझ्यावरचं पूजेचं कुंकू मी घासून काढून टाकलं. बघ, कसा लखलखतोय!”

एकदा गजाभाऊंनी चिंच लावून उजळवायला पैसा उचलला, पण दोऱ्याची गाठ पाहून त्यांचा हात थांबला.

“माझ्या कमरेला बांधताना आईनं मारलेली गाठ,” ते पुटपुटले आणि पैसा तसाच परत ठेवला.

रुपया पैशाजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, “माझं कुंकू कुणाच्या बोटाचं होतं रे? तू पाहिलं होतंस ना?”