पाच लाडवांची मोहोर

“मग यात कमी काय आहे, नाना?”

अपिलाचा मसुदा कुमुदिनीबाईंनी स्वतः लिहिला होता. एकवीस मुद्दे, चौसष्ट पाने, खाडाखोड कुठेही नाही. बत्तीस वर्षे शाळा गाजवून साठीत वकिलीची सनद घेतलेल्या बाई साऱ्या जगाच्या चुका काढीत. त्यांच्या चुका काढायला आता फक्त वृद्ध वकील नाना सरपोतदार उरले होते.

अपील गंगाराम पाष्ट्याचे होते. पूर्वी तो बाईंच्या शाळेत खिचडी शिजवी. पुढे एका कारखान्यात स्वयंपाकी झाला. तिथे अमली पदार्थ बनतात असे निघाले आणि मालकाबरोबर त्यालाही उत्पादन व कट यांसाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. दिवसभर तिथेच असे, म्हणजे कटातही असणार, असे खालच्या कोर्टाने धरले.

“जप्त केलेल्या नमुन्याबद्दल एक ओळ नाही,” नाना म्हणाले.

“कशाला असावी? मोहोर शाबूत होती. प्रयोगशाळेनेच तसे लिहिले आहे.”

शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे बाईंनी आयुष्यभर मोहोर पाहूनच फोडली होती. शाबूत मोहोरेपुढे शंका कसली?

नानांनी टेबलावरचे पार्सल पुढे सरकवले. नानांच्या पत्नीने, काकूंनी, नातीसाठी बांधलेले. वर त्यांच्याच अक्षरात ‘बेसनाचे लाडू, पाच’.

“तपासा.”

बाईंनी चष्मा पुसला. लाखेचे चारही ठिपके निरखले.

“शाबूत.”

“फोडा.”

आत लाडू चार.



नानांच्या मिशीला बेसन लागले होते. त्यांनी खिशातून पितळी शिक्का काढला आणि लाडवांशेजारी ठेवला.

बाईंनी शिक्का उचलून पाहिला आणि जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष उघडली. शिक्का पंचांच्या हवाली केलाच नव्हता. नमुना आणि शिक्का, दोन्ही तेवीस दिवस त्याच्याच कपाटात होते.

बाई हसू लागल्या. हसता हसताच त्यांनी स्वतःच्या वीस मुद्द्यांवर लाल रेघ ओढली.

ठरले ते असे : मुद्दे दोनच, पहिला शिक्क्याचा, दुसरा कटाचा. बाईंना मान्य.

“पण कटावर माझी अकरा पाने आहेत, नाना. ती किती ठेवू?”

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. डॉक्टरांनी नानांना गोड वर्ज्य केले होते. फोडलेले पार्सल, चार लाडू, हसणाऱ्या बाई...

“दोघांनी मिळून कट केलेला दिसतोय,” काकू म्हणाल्या.

नानांनी मिशी पुसली.

“लाडू मी खाल्ला. बाई नुसत्या इथे बसल्या होत्या.”