मखमलीखालची गाडी

जगतापसाहेबांची लाल स्पोर्ट्‌स कार वर्षभर मखमलीखाली झाकलेली असायची. दसऱ्याला चाकाखालचं लिंबू चिरडण्यापुरती ती हलायची, तीही पाहुण्यांनी ढकलल्यावर. यंदा मात्र पहिल्याच फटक्यात गुरगुरली!

"कसं जमवलंत?" पाहुण्यांनी विचारलं.

"जपणूक!" साहेबांनी मिशीला पीळ दिला. पण मनात पाल चुकचुकली. त्यांनी हळूच वाकून पाहिलं, तर चाकाआड घाटातला तांबडा चिखल!

"सूनबाई, गाडी कोण पिटाळतं?" ते दबक्या आवाजात गुरकावले.

"मीच, मामंजी. दर रविवारी, घाटात, सुसाट," इरावती म्हणाली. "पाहुण्यांना सांगू का, जपणूक कुणी केली ते?"

साहेबांचा मिशीवरचा हात खाली आला आणि त्यांनी किल्ली मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली.