नव्या घोडीच्या गळ्यातली जुनी घंटा

घाट सुरू होण्याआधी जे शेवटचं गाव लागतं, त्या गावात एक तट्टूवाला राहत होता. डोंगराच्या माथ्यावर एक लहानसं गाव होतं आणि तिथे गाडी काय, बैलसुद्धा चढत नसे. वरच्या लोकांना मीठ, गूळ, तेल जे काही लागे, ते हा तट्टूवाला आपल्या घोड्यांच्या पाठीवरून पोचवी. घोडेही काही राजाच्या पागेइतके नव्हते. एक पांढरी घोडी, तिचं शिंगरू, एक तांबडा घोडा आणि एक अबलख, म्हणजे अंगावर काळीपांढरी ठिगळं असलेला. बस, एवढेच.

पांढरी सगळ्यांच्या पुढे चाले. तिच्या गळ्यात पितळेची घंटा होती. घाटात धुकं इतकं दाट असे की मागच्याला पुढच्याची शेपटी दिसत नसे. पण घंटा ऐकू येई. घंटा वाजते तिकडे वाट आहे, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक. तांबडा तर चालता चालता डुलक्या काढी. शिंगरू सगळ्यात मागे रेंगाळे, गवताची पानं तोडत बसे आणि आईची घंटा लांब गेली की घाबरून धावत सुटे. त्याच्या मागे कुणीच नसे, याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग एका हिवाळ्यात पांढरीला ताप आला आणि ती गेली.

तट्टूवाल्याला वाईट वाटलं, त्याच्या बायकोलाही वाटलं. पण घोड्यांचं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. माल लादला की ते घाटाच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे आणि कान टवकारून ऐकत बसायचे. काय ऐकत होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. लगाम धरून ओढत न्यावं तर निम्मा दिवस घाटाच्या पायथ्याशीच जाई. वरच्या गावातून निरोपावर निरोप येऊ लागले, की मीठ संपत आलं आहे.

शेवटी तट्टूवाल्याने घोडेबाजारात जाऊन एक नवी घोडी घेतली. रंगाने काळीभोर, पायाने मजबूत. विकणारा म्हणाला, "नाहीच जमलं, तर पुढच्या बाजाराला परत आणा. बदलून देईन."

घोडीने ते ऐकलं आणि कान पाडले. कारण ती याआधीही परत आली होती. एका घरी ती हळू चालते म्हणून, दुसऱ्या घरी तिचा रंग आवडला नाही म्हणून, आणि एकदा तर का, ते तिला कुणी सांगितलंच नाही. तिने मनाशी ठरवलं की या वेळी जो जे सांगेल ते करायचं, पण परत जायचं नाही.

अडचण अशी की काय करायचं, तेच तिला कुणी सांगेना. ती तबेल्यात शिरली तसा अबलख दात विचकून अंगावर आला. ती कोपऱ्यात सरकली, तर तांबड्याने लाथ झाडली, कारण तो कोपरा त्याचा होता. ती मधोमध उभी राहिली, तर म्हणे मध्ये का उभी आहेस!

तट्टूवाल्याने डोकं धरलं. गाव सल्ले द्यायला टपलेलंच होतं. कुंभार म्हणाला, "सगळ्यांना एकाच टोपलीतून चंदी खायला घाल. एकत्र जेवलं की मनं जुळतात." कुंभाराला अनुभव होता तो गाढवांचा, पण तट्टूवाल्याने ऐकलं. घोड्यांनी टोपलीच तुडवली. तेली म्हणाला, "सगळ्यांना एकच तेल चोळ. वास एक झाला की भांडण कशाचं?" तट्टूवाल्याने तेही केलं. घोडे चकचकीत झाले, तेल्याचं तेल खपलं आणि भांडण होतं तसंच राहिलं.

मग तट्टूवाल्याला स्वतःलाच एक युक्ती सुचली. खुंटीवरची पितळी घंटा काढून त्याने ती नव्या घोडीच्या गळ्यात बांधली.

"अहो, पांढरीची घंटा हिला कशाला?" बायको म्हणाली.

"अगं, ओळखीचा आवाज ऐकला की घेतील तिला जवळ."

"घेतील की आणखी बिथरतील? मला काही कळत नाही बाई."

"मला तरी कुठे कळतंय? बांधून बघू."

घोडीने मान हलवली. घंटा वाजली.

आणि शिंगरू वाऱ्यासारखं धावत आलं! ते तिच्या पोटाला नाक घासू लागलं, तिच्या पायांत घुटमळू लागलं. घोडीला काय करावं ते सुचेना. इतक्या आनंदाने तिच्याकडे आजवर कुणी धावत आलं नव्हतं. पण शिंगराने तिला हुंगलं आणि ते गपकन मागे सरलं. लांब जाऊन उभं राहिलं. तिने पुन्हा मान हलवली, तसं ते पुन्हा धावत आलं आणि पुन्हा मागे फिरलं.

अबलख चिडला. त्याने नव्या घोडीला पळवायला सुरुवात केली. ती पळाली तशी घंटा वाजू लागली, घंटा वाजली म्हणून शिंगरू तिच्या मागे, आणि सगळे पळताहेत म्हणून तांबडाही मागे. अंगणात नुसती गरगर! तट्टूवाल्याची बायको दारात उभी राहून विचारत होती, "अहो, यांत कोण कुणाच्या मागे लागलंय?"

त्या दिवसापासून घोडी मान न हलवता चारा खाऊ लागली. पायसुद्धा जपून उचली. घंटा वाजली की ते पोर आशेने धावत येतं आणि रडवेलं होऊन परत जातं, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. बाकी तिला काहीच समजत नव्हतं. तट्टूवाल्याला वाटलं, घोडी रुसली आहे. आणि सवयीने तिला हाक मारताना तो "पांढरे, ए पांढरे!" असंच म्हणे. ती होती काळीभोर. आपल्यालाच बोलावताहेत की आणखी कुणाला, हेही तिला उमगत नसे.

बाजार जवळ आला. तट्टूवाला बायकोला म्हणाला, "उद्या घाटात हिला पुढे घालतो. नीट चालली तर राहील. नाहीतर बाजारात परत नेतो."

दुसऱ्या दिवशी मिठाच्या गोण्या लादून सगळे निघाले. घंटावाली घोडी पुढे, मग अबलख, मग तांबडा, त्याच्या शेजारून तट्टूवाला आणि शेवटी शिंगरू. थोडं वर गेल्यावर धुक्याने सगळ्यांना गिळलं. आता काही दिसत नव्हतं, नुसती घंटा वाजत होती. आणि काय आश्चर्य! अबलख शांत झाला. तांबडा डुलक्या घेऊ लागला. मागून कुणी चावत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. नव्या घोडीचा ऊर भरून आला. हेच तर तिला हवं होतं.

फक्त एक गोष्ट होती. तिला वाट माहीत नव्हती.

जोवर वाट एकच होती, तोवर भागलं. मग एक मोठा खडक आला आणि वाटेला दोन फाटे फुटले. कुठला बरोबर? मागे विचारावं, तर मागचे किती विश्वासाने चालत होते! तिने रुंद दिसणारी वाट धरली. दरड कोसळून ती जुनी वाट पुढे तुटली होती, हे तिला कुठून ठाऊक असणार? ती चालत राहिली, तसा खालून गार वारा येऊ लागला. तिच्या खुराखालून एक दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

घोडी जागच्या जागी थिजली. घंटा थांबली.

"का थांबलीस?" मागून अबलख म्हणाला. "चल की!"

घोडीच्या मनात काहूर माजलं. आता खरं सांगितलं, तर उद्या बाजार. नाही सांगितलं, तर... पुढे काय आहे ते तिला दिसत नव्हतं. मागे एक पोर होतं, तेवढं ठाऊक होतं.

"मला वाट माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? घंटा तर तुझ्याच गळ्यात आहे!"

"घंटा घातली खरी. वाट कुणीच दाखवली नाही."

अबलख गोंधळला. मग म्हणाला, "ही वाट चुकीची आहे. खडकापाशी अरुंद वाटेने वळायला हवं होतं."

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? जन्म गेला इथे."

"मग तू माझ्या मागे का आलास?"

अबलखाने विचार केला. "घंटा पुढे होती ना," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "म्हणजे तू माझी आई नाहीस?"

"नाही रे बाळा," घोडी म्हणाली. "मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही. कशी होती ती?"

हे शिंगराला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ते सांगू लागलं. तांबडा जागा होऊन मध्येच दोन शब्द घालू लागला. अबलख नुसता फुरफुरला, पण त्याचे डोळे ओले झाले होते.

माणसाला यातलं काय ऐकू येणार? त्याला एवढंच कळलं की घंटा थांबली. "पांढरे! चल गं, ए पांढरे!" करत तो चाचपडत पुढे आला. घोडीच्या पुढच्या पायांपाशी वाट संपलेली त्याने पाहिली. तोही घंटेच्याच मागून चालला होता. खडकापाशी त्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं नव्हतं.

तो खाली बसला आणि रडला. पांढरी गेल्यापासून रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं तिथे रडला. मग त्याने उठून घोडीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि कमरेच्या पंच्यात गुंडाळली. "चुकलं गं माझं, काळे," तो म्हणाला. तिला तिच्या रंगाने त्याने पहिल्यांदाच हाक मारली होती.

एकेक करून सगळे खडकापर्यंत मागे फिरले. तिथे अबलख कुरकुरत पुढे झाला आणि अरुंद वाटेला लागला. त्याच्यामागे तांबडा, मग सवयीप्रमाणे शिंगरू. तुटलेल्या वाटेवरून काळी शेवटी बाहेर आली, म्हणून ती शेवटीच राहिली.

थोडं पुढे जाऊन शिंगरू गवत तोडायला थांबलं. मग एकदम दचकून त्याने मागे पाहिलं. काळी उभी होती.

"तू पुढे का जात नाहीस?"

"खा निवांत. मी तुझ्या मागून येते."

त्या दिवशी शिंगराला एकदाही घाबरून धावावं लागलं नाही. मीठ वरच्या गावाला पोचलं. दुसऱ्या दिवशी बाजार भरला आणि उठला. काळी तबेल्यातच होती.

घंटा आता तबेल्यात खुंटीला असते. वाऱ्याने कधी वाजली, की सगळे माना वर करतात. काळीही करते, कारण पांढरीबद्दल तिने आता पुष्कळ ऐकलं आहे. अबलख अजून तिला चावतो, पण तांबड्याला चावतो तसाच, घरच्यासारखा. शिंगरू तिला आई म्हणत नाही. काय म्हणावं, ते त्याला अजून कळलेलं नाही. पण घाटात रेंगाळलं की ते मागे वळून बघतं, आणि ती असते.

तात्पर्य: गेलेल्याची घंटा नव्याच्या गळ्यात बांधून नवा आपला होत नाही, त्याला त्याची जागा सापडू द्यावी लागते. आणि वाट ठाऊक नसेल तर गळ्यात केवढीही घंटा असो, तसं सांगून थांबावं.